गुऱ्हाळावर 'मला कळतंय' म्हणण्याआधी या चुका टाळा

निपाणी-चिकोडी भागात दर हंगामाला एखादा नवा मालक गुळव्याला, म्हणजे गूळ करणाऱ्या कारागिराला, गूळ शिकवायला निघतो. एका साली तो मी होतो.

पहिल्या दोन आदणांचा, म्हणजे रस उकळायच्या दोन खेपांचा, गूळ पिवळाधमक निघाला. तिसऱ्याला मी थर्मामीटर घेऊन काहिलीपाशी, रस उकळायच्या मोठ्या कढईपाशी, उभा. घट्ट गुळाचा पाक साधारण 118 अंश सेल्सिअसला उतरवतात, एवढं वाचलं होतं. गुळव्या मामांनी विचारलं, "ऊस कधी तोडलासा, अण्णा?"

"त्याचं काय मामा, आकडा बघा की!"

आकडा आला, काहील उतरली, आणि पाक गार करायच्या वाफ्यात गूळ लेह्यासारखा पसरला. दुसऱ्या दिवशीही बोट लावलं की तार निघायची.

आकडा बरोबरच होता. पण मजूर न मिळाल्यानं ऊस तोडून तीन दिवस उन्हात पडलेला. अशा उसातली साखर फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज होते आणि गूळ नीट बसत नाही. आधीची दोन आदणं मला साधली नव्हती, ऊस ताजा होता. दोन आदणांवर हात बसला असं धरणं, ही पहिली चूक.

अमेरिकेत 1999 साली कॉर्नेल विद्यापीठाच्या क्रुगर आणि डनिंग यांनी हेच आकड्यांत मांडलं. चाचण्यांत तळाच्या चौथाईतले लोक शंभरात सरासरी बाराच जणांच्या पुढे होते. त्यांना वाटत होतं, बासष्ट जणांच्या. चूक ओळखायला लागतं तेच ज्ञान त्यांच्याकडं कमी होतं. वरच्या चौथाईतले मात्र स्वतःला थोडं कमीच लेखत होते.

म्हणून जाणत्याच्या "बघू की"ला अज्ञान समजू नका. पाक किती मिनिटांत येईल, हे मामा कधीच सांगत नाहीत. ऊस नव्या लागणीचा की तोडलेल्या बुडख्यातून फुटलेला खोडवा, रान खारवट आहे का, हे आधी विचारतात. मग गार पाण्यात पाक टाकून गोळी वळून बघतात.

बिघडलं की पुढच्या आदणात रस स्वच्छ करायची चुन्याची निवळी वाढवू नका. चिकटपणा जात नाही, वर गूळ काळा पडतो.

(मोटर जळाली की हेच मामा कारण ठासून सांगतात. बहुतेक वेळा चुकतात. गुळातली जाण वायंडिंगला चालत नाही.)

थर्मामीटर अजून आहे. आता वहीत तोडणीची तारीख टिपतो, आणि मामांनी गोळी वळायच्या आधी माझा अंदाजही. गेल्या हंगामात निम्म्या वेळाही तो जुळला नाही.