कन्सोलवरचा, म्हणजे नुसत्या मजकुराच्या खिडकीतला, क्विझ गेम चालतो. आता तो नीट कसा करायचा?

पायथॉनमधला पहिला क्विझ गेम बहुधा असा असतो: प्रिंटने प्रश्न, इनपुटने उत्तर, इफने तपासणी, बरोबर असेल तर स्कोअर १ ने वाढवायचा. मग याच चार ओळी दहा वेळा कॉपी-पेस्ट. गेम चालतो, पण ‘चूक!’ऐवजी बरोबर उत्तर दाखवायचं ठरवलं की दहा ठिकाणी हात घालावा लागतो आणि एखादं हमखास राहून जातं.

म्हणून आधी प्रश्न आणि कोड वेगळे करा. प्रश्नांची एक लिस्ट, तिच्यात प्रत्येक प्रश्नाची एक डिक्शनरी (नाव आणि त्याची माहिती अशा जोड्यांचा संच), तिच्यात तीन गोष्टी: प्रश्न, पर्याय, उत्तर. उत्तर म्हणून पर्यायाचा क्रमांक ठेवू नका, मजकूरच ठेवा. पुढे पर्यायांचा क्रम बदलला की क्रमांक खोटा ठरतो. एक प्रश्न विचारून ट्रू किंवा फॉल्स परत देणारं फंक्शन लिहा आणि ते फॉर लूपमधून बोलवा. स्कोअर फंक्शनच्या बाहेर, लूपमध्येच मोजा, म्हणजे बाहेरचा स्कोअर फंक्शनच्या आतून बदलण्यासाठी लागणाऱ्या ग्लोबलची भानगड नको.

खरी डोकेदुखी इनपुटची. इनपुट नेहमी स्ट्रिंग देतं, त्यामुळे ३ या आकड्याशी थेट तुलना केली तर बरोबर उत्तरही चूक ठरतं. इंटने आकडा करून घ्या. कोणी अक्षर टाइप केलं किंवा नुसतंच एंटर दाबलं तर व्हॅल्यूएरर येतो, तो ट्राय-एक्सेप्टने पकडा आणि व्हाइल लूपमध्ये पुन्हा विचारा. (देवनागरी आकडे टाइप केले तरी इंटला चालतात, त्याची वेगळी सोय नको.) पण एवढ्यावर थांबू नका. पर्याय १ ते ४ दाखवून तुम्ही लिस्टमधून ‘निवड वजा १’ काढत असाल, तर ० टाइप करणाऱ्याला उणे १ ची जागा, म्हणजे गुपचूप शेवटचा पर्याय मिळतो. एरर येत नाही, म्हणून ही चूक लवकर सापडत नाही. आकडा १ ते ४ मध्येच आहे ना, हे तपासूनच पुढे जा.

क्रमांकाऐवजी उत्तराचा मजकूर टाइप करून घेत असाल तर स्ट्रिपने कडेच्या मोकळ्या जागा काढा, लोअरने अक्षरं लहान करा. ‘उत्तर हे किंवा ते’ अशी अट लिहिताना ऑरच्या दोन्ही बाजूंना पूर्ण तुलना हवी. उजवीकडे नुसती स्ट्रिंग ठेवलीत तर ती रिकामी नसल्यामुळे अट कायम खरी, आणि काहीही टाइप केलं तरी गुण!

प्रश्नांचा क्रम बदलायला रँडममधलं शफल आहे. ते मूळ लिस्टच ढवळतं आणि परत देतं नन (None), म्हणजे काहीच नाही. म्हणून ‘प्रश्न = शफल(प्रश्न)’ असं लिहिलंत की प्रश्न गायब.

प्रश्न तीसेक झाले की जेसन (JSON, माहिती साठवायची मजकूर-पद्धत) फाइलमध्ये हलवा. ओपन करताना एन्कोडिंग (अक्षरं फाइलमध्ये साठवायची पद्धत) यूटीएफ-८ असं स्पष्ट लिहा, नाहीतर विंडोजवर मराठी मजकुराचा चुथडा होऊ शकतो. फाइलमध्ये शेवटच्या नोंदीनंतर स्वल्पविराम चालत नाही.

टायमर मात्र आत्ता नको. इनपुट एंटरची वाट पाहत थांबतं, त्याला मध्येच तोडणं नवशिक्याचं काम नाही. हवं तर किती सेकंद लागले ते उत्तरानंतर दाखवा.

शेवटच्या टक्केवारीसाठी एकूण प्रश्न लेनने मोजा, १० हाताने लिहू नका. आणि लिस्ट रिकामी असेल तर भागाकारापूर्वीच बाहेर पडा, नाहीतर शून्याने भागल्याचा झीरोडिव्हिजनएरर ठरलेला.