कॉम्प्युटरशी बुद्धिबळ खेळता? या चुका टाळा

नाशिकमध्ये बुद्धिबळाचा विषय निघाला की विदित गुजराथीचं नाव येतंच. आमचं बुद्धिबळ मात्र सिडकोतल्या घरात, जेवणं आटोपल्यावर, मोबाइलवर. समोर स्टॉकफिश, म्हणजे बुद्धिबळ खेळणारं सॉफ्टवेअर; अशा सॉफ्टवेअरला इंजिन म्हणतात. फुकट मिळतं आणि जगज्जेत्यालाही दाद देत नाही, तिथे माझी काय कथा! वर्षभर हरलो त्याचं काही नाही, पण त्या नादात लागलेल्या सवयी सोडवताना जीव मेटाकुटीला आला.

सगळ्यात वाईट सवय घाईची. आपण घोडा ठेवायचा अवकाश, पलीकडून उत्तर हजर. मग आपलंही बोट आपोआप धावतं. ते सेकंदाला लाखो स्थिती तपासतं, आपण दोन-चार. मला लागू पडलेला उपाय जुनाट आहे. मेन रोडवरून आणलेला लाकडी पट टीपॉयवर मांडतो, खेळी आधी तिथे करतो, मग मोबाइलवर. मोहरा उचलून ठेवेपर्यंत जे पाच-दहा सेकंद जातात, त्यातच ‘अरे, उंट फुकट चाललाय’ हे दिसतं. आणि दरवेळी स्वतःला विचारायचं, समोरून मात तर बसत नाही ना? हसू नका. २००६ साली बॉनमध्ये डीप फ्रिट्झ या इंजिनाविरुद्ध तेव्हाचा जगज्जेता व्लादिमिर क्रामनिक वजीर ई३ या घरात घेऊन गेला आणि पुढच्याच खेळीत एच७ वर मात खाऊन बसला.

दुसरी गडबड लेव्हलची. खालच्या लेव्हलवरचं इंजिन नवख्या माणसासारखं चुकत नाही. दहा खेळ्या मास्तरासारखं खेळतं आणि मधेच मुद्दाम हलकी खेळी निवडून हत्ती देऊन टाकतं. आपण मग त्या दानाची वाट पाहायला शिकतो. मी तसाच एका रविवारी शेजारच्या काकांसमोर बसलो. प्यादी रेटत राहिलो. काकांनी काहीच दिलं नाही, उलट माझाच घोडा नेला. “मोबाइलवर शिकलास वाटतं,” एवढंच म्हणाले.

त्यापेक्षा लेव्हल पूर्ण ठेवा आणि जिंकलेली स्थिती मांडून खेळा. राजा-हत्ती विरुद्ध एकटा राजा. ५० खेळ्यांत मात करता आली नाही, तर बरोबरी. पहिल्या तीन वेळा माझी बरोबरीच झाली.

विचित्र सुरुवात करून त्याला चकवू, हा विचारही सोडा. १९९७ मध्ये आयबीएमच्या डीप ब्लू या कॉम्प्युटरविरुद्ध तिसऱ्या डावात तेव्हाचा जगज्जेता कास्पारोव्हने पहिल्याच खेळीत वजिरापुढचं प्यादं एकच घर सरकवलं होतं. डाव बरोबरीत सुटला, सामना मात्र साडेतीन विरुद्ध अडीच असा मशीनने जिंकला.

अनडू बटणाबद्दल काय बोलायचं! बंद करा.

डाव संपल्यावर लगेच इंजिनाचं विश्लेषण लावू नका. आधी वाटलं काय होतं ते वहीत लिहा. मग विश्लेषणात कोण किती पुढे आहे ते सांगणारा आकडा बघा. अधिक एक म्हणजे साधारण एका प्याद्याची आघाडी, त्यामुळे ०.३ आणि ०.५ यांत आपल्या पातळीवर फरक नाही. सुरुवातीला आकडा डळमळतो, थोडा वेळ द्या. जिथे तो दोन-तीनने कोसळतो तिथेच थांबा. इंजिन उत्तर देतं, कारण सांगत नाही. म्हणून त्याची खेळी कळली नाही, तर आपल्याला सुचलेली खेळी करून बघा. काल मला हत्तीने प्यादं घ्यायचं होतं. घेतलं. समोरून घोडा आला, राजाला शह आणि त्याच उडीत वजिरावर मारा.