कालची गोष्ट इंग्रजीत सांगायची कशी?

काल संध्याकाळी तुम्ही रंकाळ्यावर गेलात, भेळ खाल्लीत, जुना मित्र भेटला, तासभर बोलत बसलात. एवढंच आधी मराठीत वहीत लिहा. भूतकाळ आपल्याच कालच्या दिवसावर शिकला की पक्का बसतो.

आता एकेक क्रियापद घ्या. पुष्कळ क्रियापदांना शेवटी ई-डी लागतं. लिहायला सोपं, पण उच्चार तीन. टॉकचं होतं टॉक्ट, प्लेचं प्लेड. मूळ शब्दाच्या शेवटी ट किंवा ड ऐकू येत असेल तरच इड: वेटिड, नीडिड. 'टॉकेड' म्हणायची सवय लागली असेल तर मोठ्याने म्हणून म्हणूनच ती मोडा.

गो-वेंट, ईट-एट, मीट-मेट, बाय-बॉट ही मात्र पाठच करावी लागतात. पुट, कट बदलतच नाहीत. रोज पाच घ्या, प्रत्येकाचं स्वतःचं एक वाक्य करा.

मराठीत गेलो, गेलास, गेली, गेले. इंग्रजीत सगळ्यांना एकच वेंट. फक्त 'होतो-होती'साठी दोन रूपं: आय, ही, शी, इटला वॉज, बाकीच्यांना वेअर.

सगळ्यात जास्त चुका डिडपाशी होतात. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलीने फळ्यावर लिहिलं, 'आय डिडन्ट वेंट.' मी विचारलं, "यात भूतकाळ किती वेळा आला?" तिने दोन्ही शब्दांवर बोट ठेवलं, क्षणभर थांबली, मग तळव्याने वेंट पुसून गो लिहिलं. तेवढंच लक्षात ठेवायचं. भूतकाळ डिडने दाखवला की क्रियापद मूळ रूपात: 'डिड यू ईट?', 'ही डिडन्ट कम.'

आणखी एक जागा जपा. आपण फोनवर "आलोच की!" म्हणतो तेव्हा अजून घरातच असतो. मराठीला हे चालतं, पण इंग्रजीत 'आय केम' म्हणजे येऊन झालं. तिथे 'आयम कमिंग' म्हणा. "लहानपणी पन्हाळ्याला जायचो" यातल्या 'जायचो'साठी 'यूज्ड टू गो' आहे.

आता वहीतल्या त्या ओळी पुन्हा काढा आणि त्या बघून, न लिहिता, इंग्रजीत बोला: 'यस्टरडे आय वेंट टू रंकाळा. आय एट भेळ. आय मेट ॲन ओल्ड फ्रेंड. वी टॉक्ट फॉर ॲन अवर.'