'एंटरप्राइझ'ची पूर्वकथा नव्याने लिहिताना या चुका टाळा

'स्टार ट्रेक : एंटरप्राइझ' ही मालिका २००१ ते २००५ या काळात अमेरिकेतील यूपीएन वाहिनीवर चालली आणि ९८ भागांनंतर बंद झाली. मूळ 'स्टार ट्रेक'चा नायक कॅप्टन कर्क याच्या शंभर वर्षे आधीचे, फेडरेशन हा अनेक ग्रहांचा संघ अजून जन्माला न आलेले जग दाखवण्याचे तिने योजले होते. प्रत्यक्षात पहिल्या दोन पर्वांतील बरेचसे भाग आधीच्या मालिकांच्या मागील पानावरून पुढे चालू झाल्यासारखे वाटले. त्यामुळे ही कथा आपल्या मनाप्रमाणे पुन्हा रचण्याचा मोह अनेक चाहत्यांना होतो, आणि तो रास्तही आहे. मात्र अशा पुनर्लेखनात 'एंटरप्राइझ'च्याच चुका नव्या रूपात सहज शिरतात.

सर्वांत मोठी चूक म्हणजे कथेची गती संथ आहे म्हणून लढाया वाढवणे. या मालिकेत घटनांची वाण कधीच नव्हती; घडलेल्या घटनेचा परिणाम पुढे टिकत नसे, हे तिचे खरे दुखणे होते. पहिल्याच पर्वात पी'जेम येथे, मानवांचे मित्र असलेल्या व्हल्कन या परग्रहवासीयांच्या मठाखाली, त्यांचे शत्रू अँडोरियन यांच्यावर पाळत ठेवणारे गुप्त केंद्र सापडते, आणि एंटरप्राइझ जहाजाचा कप्तान आर्चर त्याचा पुरावा अँडोरियन अधिकारी श्रान याच्या हाती देतो. मानवाने आपल्या मित्राचे बिंग शत्रूसमोर फोडले, यावर एक आख्खे पर्व उभे राहू शकले असते. मालिकेने मात्र हा धागा अधूनमधून उचलला आणि व्हल्कन राज्यकर्त्यांच्या युद्धखोरीचा सोक्षमोक्ष थेट चौथ्या पर्वात लावला. पुनर्लेखन करणाऱ्याने पी'जेमची घटना जागची हलवू नये. तिच्यानंतरच्या प्रत्येक भागात कोणाचा तरी विश्वास कमी झालेला, एखादे बंदर बंद झालेले किंवा एखादी मदत नाकारली गेलेली दिसेल, एवढी काळजी घ्यावी. गती तेवढ्यानेच वाढते.

ओळखीचे शत्रू लवकर आणणे हीही तशीच चूक आहे. आधीच्या, पण कथेच्या पुढील काळात घडणाऱ्या मालिकांतील फेरेंगी आणि बोर्ग हे दोन्ही शत्रू या मालिकेत येऊन गेले, आणि पुढील काळात त्यांची ओळख पटू नये म्हणून त्यांची नावेच उच्चारली जाणार नाहीत अशी कसरत लेखकांना करावी लागली. रोम्युलन या आणखी एका शत्रूच्या बाबतीत अडचण वेगळी, आणि माझ्या मते अधिक मोलाची आहे. १९६६च्या मूळ मालिकेनुसार पृथ्वी आणि रोम्युलन यांच्यात युद्ध झाले, पण दोन्ही बाजूंनी एकमेकांचा चेहरा पाहिला नाही. हे बंधन जाच मानून मोडू नये. चौथ्या पर्वात दुरून चालवल्या जाणाऱ्या रोम्युलन जहाजाची कथा याच बंधनातून निर्माण झाली आणि ती मालिकेतील उत्तम कथांपैकी एक ठरली.

पात्रांच्या बाबतीत बहुतेकांचा हात प्रथम स्वभावाकडे जातो : आर्चरला अधिक कणखर करायचे, त्याची व्हल्कन सहकारी टी'पोल हिला अधिक थंड करायचे. याऐवजी प्रत्येकाला त्याच्यावाचून अडेल असे काम द्यावे. जहाजाचा चालक ट्रॅव्हिस मेवेदर मालवाहू जहाजावर जन्मला आणि वाढला. पाच वॉर्प (प्रकाशाहून जलद) वेगाच्या नव्या इंजिनामुळे त्याच्या माणसांची जीवनपद्धतीच संपणार आहे. एवढे सामर्थ्य असलेले पात्र मालिकेत बहुतांश वेळ सुकाणूसमोर बसून राहिले. परक्या व्यापाऱ्यांशी आधीपासून ओळख असणारा जहाजावरील एकमेव माणूस तोच असेल, तर कप्तानालाही त्याला विचारूनच पाऊल टाकावे लागेल. जहाजावरील भाषातज्ज्ञ होशी सातो हिचेही तसेच आहे. भाषांतर करणारे यंत्र अजून अपुरे असताना एखादी भाषा समजायला तीन भाग लागू द्यावेत, आणि त्या काळात झालेल्या चुकीच्या अर्थाची किंमत जहाजाने मोजावी.

आर्चरसाठी तर नवे काही शोधण्याचीही गरज नाही. तिसऱ्या पर्वात पृथ्वी वाचवण्यासाठी तो एका निरपराध जहाजाचा वॉर्प कॉइल हा वॉर्प वेगासाठी लागणारा भाग बळजबरीने हिरावून घेतो आणि त्यावरील लोकांना घरापासून वर्षांच्या अंतरावर सोडून देतो. ते लोक पुन्हा भेटले पाहिजेत.

अखेरच्या भागात मरण पावणारा अभियंता ट्रिप टकर याला जिवंत करून कामाला सुरुवात करणे, हे त्या भागावरील रागातून घडते. त्या भागाचा दोष केवळ त्या मृत्यूत नाही. फेडरेशनच्या स्थापनेपर्यंतची वाटचाल तेथे नंतरच्या काळातील अधिकारी रायकर याच्या पेचाला जोडलेली होलोडेकवरील (आभासी दृश्ये दाखवणाऱ्या कक्षातील) फेरी बनते, २१५६ ते २१६० दरम्यानचे रोम्युलन युद्ध वगळले जाते, आणि आर्चरचे भाषण ऐकू येण्यापूर्वीच दृश्य बंद होते. म्हणून शेवट शेवटीच लिहावा. युद्धाची वर्षे आधी लिहून काढावीत, श्रान आणि टी'पोल यांनी त्यांत काय गमावले ते ठरवावे, आणि मगच २१६१च्या सभागृहात आर्चरला बोलू द्यावे.