मायोसिस शिकताना या चुका टाळा: दोरे नव्हे, टिचबटणं मोजा

परळला आमच्या घरी अकरावी-बारावीची मुलं बायोलॉजी शिकायला येतात. दरवर्षी मायोसिसपाशी, म्हणजे गुणसूत्रांची संख्या निम्मी करणाऱ्या लागोपाठच्या दोन पेशीविभाजनांपाशी, गाडी अडते. लेप्टोटीनपासून डायाकायनेसिसपर्यंतच्या टप्प्यांची नावं एका दमात पाठ, पण ‘मायोसिस-१ संपल्यावर माणसाच्या एका पेशीत गुणसूत्रं किती?’ विचारलं की अर्धी मुलं ४६ म्हणतात आणि उरलेली शेजारच्या वहीत बघतात.

मग मी दादरहून आणलेली लोकर आणि टिचबटणं काढते. लाल दोरा आईकडचा, निळा वडिलांकडचा. विभाजनाआधी डीएनएची प्रत निघते, म्हणून लालाचे दोन लाल, निळ्याचे दोन निळे. सारख्या दोन दोऱ्यांना बटणाचा एकेक भाग शिवायचा आणि टिच्च करून दाबायचं. बटण म्हणजे सेंट्रोमिअर. पहिली चूक इथेच होते. दोरे दुप्पट झाले म्हणून मुलं ९२ गुणसूत्रं मोजतात. मोजायची ती बटणं, आणि ती ४६ च आहेत. दुप्पट झाला तो डीएनए.

दुसरी चूक जास्त महाग पडते. संख्या निम्मी कधी होते? पहिल्या विभाजनात, म्हणजे मायोसिस-१ मध्ये. लाल-निळ्याची जोडी सुटते, लाल जोड एका टोकाला जातो, निळा दुसऱ्या, पण बटण उघडत नाही. ते उघडू नये म्हणून शुगोशिन नावाचं प्रथिन तिथे पहारा देतं. जपानीत या शब्दाचा अर्थच रक्षक देवता. प्रत्येक पेशीत २३ बटणं. मधे डीएनएची नवी प्रत निघत नाही. दुसऱ्या विभाजनात बटणं उघडतात आणि २३ चे २३ च राहतात, फक्त प्रत्येकाकडे एकेरी दोरा उरतो. दोन्ही वेळा निम्मं करणाऱ्या एका मुलाचं उत्तर साडेअकरा आलं होतं. खाली दुहेरी रेघसुद्धा मारली होती!

क्रॉसिंग ओव्हरच्या, म्हणजे दोऱ्यांच्या तुकड्यांच्या अदलाबदलीच्या, आकृतीत लालाचा तुकडा लालालाच जोडलेला दिसला, तर मार्क गेलेच म्हणून समजा. अदलाबदल लाल-निळ्यात, पॅकिटीन टप्प्यात. ती फक्त वैविध्यासाठी असते हेही अर्धवटच. अदलाबदलीच्या जागी पडणाऱ्या गाठींमुळेच लाल-निळ्याची जोडी पहिल्या विभाजनापर्यंत एकत्र टिकते. गाठ नसेल तर जोडीदार भलत्याच टोकाला जाऊ शकतात. आणि वैविध्याचा हिशोब करताना २ चा २३ वा घात, म्हणजे ८३,८८,६०८, हा आकडा क्रॉसिंग ओव्हरच्या खात्यात टाकू नका. जोड्या मधल्या रेषेवर कशाही उभ्या राहू शकतात, तेवढ्यानेच तो येतो. चौऱ्याऐंशी लक्ष योनींच्या इतका जवळ आहे की मुलं तो विसरत नाहीत.

‘एका पेशीपासून चार युग्मकं’ (युग्मक म्हणजे शुक्रपेशी किंवा अंडपेशी) हे वाक्य शुक्रपेशींपुरतं खरं. स्त्रीच्या बाबतीत अंडपेशी एकच होते. बाकीच्या वाट्याला गुणसूत्रं येतात, पण पेशीद्रव्य जेमतेम, आणि त्या ध्रुवपेशी विरून जातात. वेळापत्रकही निराळं. तुम्ही ज्या अंडपेशीपासून झालात तिचं मायोसिस तुमची आई आजीच्या पोटात होती तेव्हाच सुरू झालं, पहिल्या विभाजनाच्या पूर्वावस्थेत वर्षानुवर्षं थांबलं, अंडं सुटण्याच्या सुमारास पुढे सरकलं आणि शुक्रपेशी आत शिरल्यावर पुरं झालं. आईचं वय वाढतं तसा जोड्या नीट न सुटण्याचा धोका का वाढतो, याचं एक कारण या लांबलेल्या मुक्कामात आहे. डाऊन सिंड्रोममध्ये २१ वं गुणसूत्र एक जास्त असतं, हे १९५९ साली दाखवलं गेलं.

वनस्पतींत मायोसिसने थेट युग्मक बनत नाही, बीजाणू बनतो. एवढं लक्षात ठेवा, पुढे चला.

आता प्रॅक्टिकल. कांद्याच्या मुळाच्या टोकात मायोसिस शोधत बसू नका, तिथे फक्त मायटोसिस, म्हणजे गुणसूत्रांची संख्या तीच ठेवणारं साधं विभाजन. हवं ते कांद्याच्या डेंगळ्यात, न उमललेल्या कळ्यांच्या परागकोशात. बाजारात डेंगळं मिळालं तर निरनिराळ्या आकाराच्या बारीक कळ्या घ्या, तीन भाग अल्कोहोल नि एक भाग ॲसिटिक ॲसिडमध्ये दिवसभर ठेवा, मग ॲसिटोकार्मिन या रंगात परागकोश चिरडून बघा. नुसते गोल परागकण दिसले तर कळी जून झाली, तिच्याहून लहान घ्या. सगळ्या पेशींत नुसतं केंद्रकच दिसलं तर एक माप मोठी. कांद्याची गुणसूत्रं १६, म्हणून पहिल्या विभाजनाच्या मध्यावस्थेत जोड्या आठ दिसायला हव्यात. सोळा सुटी गुणसूत्रं मोजलीत, तर बहुधा तुम्ही परागकोशाच्या भिंतीतली पेशी बघताय. स्लाइड जरा सरकवा.