शहरातली नदी किंवा ओढा सगळ्यांनी मिळून कसा सांभाळायचा

नदी साफ करायची म्हटलं की लोक लगेच हातमोजे घालून प्लास्टिक उचलायला लागतात. आधी माणसं गोळा करा. काठावर राहणारे, दुकानदार, गॅरेजवाले, शाळा, मासे धरणारे, पालिकेच्या ड्रेनेज खात्यातलं कुणीतरी, आणि वरच्या अंगाचे लोक तर हवेतच, कारण खाली कितीही उपसलं तरी घाण वरूनच येत राहणार.

पहिली मीटिंग हॉलमधे नको, सगळे मिळून काठाने चाला. दिवस असा निवडा की आधीचे ७२ तास पाऊस झालेला नाही. पावसाचं पाणी नदीत सोडणाऱ्या पाइपातून तरीही धार पडत असेल तर ते पावसाचं पाणी नाहीच, बहुतेक कुणीतरी सांडपाणी जोडलंय नाहीतर कुठेतरी लाइन फुटलीय, कधीकधी जमिनीतलं पाणीही झिरपत असतं. तोंडाशी वाकून नीट बघा. राखाडी, कापसासारखे झुपके लोंबत असतील तर बहुतेक सांडपाणीच. रंगीत तवंग दिसला तर काडीने ढवळा, तेलाचा असेल तर परत जुळतो, लोहाच्या जिवाणूंचा असेल तर त्याचे तुकडे पडतात आणि तसेच राहतात, म्हणजे उगाच गॅरेजवाल्यावर आळ नको.

प्रत्येक पाइपाला नंबर, फोटो, तारीख, आणि नकाशा सगळ्यांचा मिळून एकच. यानेच निम्मी भांडणं मिटतात.

मग पाणी मोजा. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायचं किट वापरा, दर आठवड्याला तीच जागा तीच वेळ, शक्यतो पहाटे कारण रात्रभर वनस्पतीही ऑक्सिजन वापरतात आणि तेव्हाच तो सगळ्यात कमी असतो. लिटरला ५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर बरं, २ च्या खाली गेला तर मासे तगणं कठीण.

ध्येय मात्र असं ठेवा की लहान पोरालाही कळेल. १९८६ मधे स्वित्झर्लंडमधे रसायनांच्या गोदामाला आग लागली, विझवायचं पाणी विष घेऊन ऱ्हाइन नदीत गेलं आणि मासे मेले. पुढच्याच वर्षी काठावरच्या देशांनी ठरवलं, २००० पर्यंत सॅल्मन मासा नदीत परत आणायचा, आणि तो खरंच परत येऊ लागला. मला हे फार पटतं, मासा सगळ्यांचा असतो.

शेवटी कागदावर लिहा: पाइप नंबर, कुणाचा, कोण बुजवणार, कधीपर्यंत. तक्रारीआधी एकदा भेटून बोला, पुष्कळांना आपली मोरी कुठे जाते हेच माहीत नसतं. बुजवला असं कुणी सांगितलं तरी तीन कोरडे दिवस जाऊ द्या आणि त्याच पाइपाशी परत वाकून बघा.