भीड सोडा: एकटीनं बाहेर पडताना या चुका टाळा

१७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं आणि जळगाव, धुळे, नंदुरबारच्या बसस्थानकांवरची गर्दीच बदलली. चोपड्याहून जळगावला क्लासला येणारी मुलगी, पारोळ्याहून धुळ्याला ड्यूटीवर जाणारी सिस्टर, शहाद्याच्या बाजाराला भाजी घेऊन निघालेली मावशी, सगळ्या एकट्यानं प्रवास करतात. त्यांना मिळणारे सल्ले मात्र आजीच्या काळातलेच आहेत. अंधार पडायच्या आत घरी ये. कोणाच्या तोंडी लागू नको. मान खाली घालून चाल. यातले शेवटचे दोन तर अंगावर उलटतात, कारण त्रास देणारा माणूस आधी नेमकं हेच पाहतो की ही गप्प बसणारी आहे का.

छेड काढणाऱ्याचा, हात टाकणाऱ्याचा सगळा डोलारा आपल्या भिडेवर उभा असतो. भीड भिकेची बहीण म्हणतात ते इथे शब्दशः खरं आहे. बहुतेक चुका ताकद कमी पडल्यानं होत नाहीत, ‘चारचौघांत तमाशा नको’ या विचारानं होतात.

पहिल्या धक्क्याला गप्प बसणं

बसमध्ये मागून हात लागतो. पहिल्या वेळी आपण म्हणतो, गर्दी आहे, चुकून लागला असेल. दुसऱ्या वेळी सरकून बसतो. तिसऱ्या वेळी खिडकीबाहेर बघतो. समोरच्याला या तीन वेळांत तीनदा परवानगी मिळाल्यासारखं वाटतं. तो एवढ्याचसाठी हळूहळू पुढे सरकत असतो.

पहिल्याच वेळी वळा, डोळ्यांत बघा आणि आख्ख्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात बोला. ‘अहो, प्लीज, जरा सरकता का’ हे शब्द इथे कामाचे नाहीत, त्यात विनंती आहे. ‘हात काढ. मागे सरक.’ दोन शब्दांचा हुकूम पुरतो. अहिराणी तोंडात असेल तर ‘ए, दूर व्हय!’ म्हणा. घरच्या बोलीत आवाज आपोआप पोटातून येतो, पुस्तकी मराठीत तो घशात अडकतो. खरंच चुकून धक्का लागला असेल तर तो माणूस माफी मागून सरकेल, त्याचं काही बिघडत नाही.

आणि एक गोष्ट कधी विसरू नका. काही वेळा तोंडातून शब्दच फुटत नाही, हातपाय थिजतात. भीतीनं शरीर असं गोठणं ही नैसर्गिक प्रतिक्रिया आहे. ती कोणाच्याही हातात नसते. ज्या बाईच्या बाबतीत असं झालं तिला ‘तू ओरडली का नाहीस’ हा प्रश्न विचारणं क्रूरपणाचं आहे. सराव असला तर हे गोठणं लवकर सुटतं, म्हणून सराव करायचा.

‘वाचवा, वाचवा’ असं नुसतं ओरडणं

रस्त्यावर पुरुष बाईला ओढतोय असं दिसलं की आपल्याकडे लोक काय म्हणतात? ‘नवरा-बायकोचं भांडण असेल, आपण कशाला मध्ये पडा.’ हल्लेखोरालाही हे ठाऊक असतं. ‘चल घरी, नाटक करू नको’ असं तो मुद्दाम म्हणतो. त्यामुळे पहिलं वाक्य हेच हवं: ‘मी याला ओळखत नाही!’ किंवा ‘मी याले वळखत नही!’ तेच तेच, पुन्हा पुन्हा.

मग मदत मागताना सगळ्या गर्दीला न मागता एका माणसाला धरा. ‘ओ निळ्या शर्टवाले भाऊ, याला धरा.’ ‘नाना, तुम्ही पोलिसांना फोन लावा.’ ‘ताई, माझ्याजवळ या.’ गर्दीतला प्रत्येक जण दुसरा कोणी जाईल म्हणून थांबलेला असतो. बोट आपल्याकडे आलं की मग त्याला हलावंच लागतं. सारंगखेड्याच्या यात्रेत, दत्तजयंतीच्या रेटारेटीत, हाच उपाय चालतो. तिथे दुकानदाराला हाक मारा, तो जागेवरून हलणारा नसतो आणि त्याचा गल्ला तिथेच असतो.

पर्सच्या तळाशी ठेवलेलं हत्यार

पेपर स्प्रे घेतला, पर्समध्ये टाकला, त्यावर डबा, ओढणी, चार्जर. गरज पडेल तेव्हा तो हाताला लागणारच नाही. सुनसान रस्त्यावर चालताना तो हातात हवा, अंगठा बटणावर. त्यावरची मुदत तपासा. जुना झाला की दाब उतरतो आणि नुसते थेंब गळतात. घराबाहेर मोकळ्या जागी, वाऱ्याकडे पाठ करून एकदा दाबून पाहा म्हणजे फवारा किती लांब जातो ते कळतं.

बऱ्याच जणी कागदात मिरची पूड बांधून नेतात, आणि नंदुरबारची मिरची म्हटल्यावर भरवसाही वाटतो. पण पुडी सोडायला दोन हात लागतात, आणि वारा समोरून असला तर सगळी पूड आपल्याच डोळ्यांत येते. किल्ल्या बोटांच्या मध्ये धरून ठोसा मारायचा सल्लाही फिरत असतो. मारल्यावर किल्ली फिरते आणि आपलीच बोटं सोलवटतात. त्यापेक्षा उघडा तळवा जास्त भरवशाचा.

मनगट धरलं की मागे ओढणं

हे थोडं सावकाश वाचा आणि वाचता वाचता घरातल्या कोणाला तरी मनगट धरायला सांगा.

कोणी मनगट धरलं की आपण अंगातलं सगळं बळ लावून हात मागे खेचतो. त्याच्या चार बोटांशी ताकदीची झुंज लावतो आणि हरतो. पण पकड नीट बघा. एका बाजूला चार बोटं असतात, दुसऱ्या बाजूला एकटा अंगठा. अंगठ्याचं टोक आणि बोटांची टोकं जिथे समोरासमोर येतात तिथे पकड सर्वांत कच्ची असते. आपला हात बाहेर निघतो तो तिथूनच.

मूठ घट्ट वळा. मनगट असं फिरवा की त्याची अरुंद, हाडाची कड त्या फटीसमोर येईल. आता मागे न जाता अर्धं पाऊल त्याच्याकडे टाका, कोपर वाकवून त्याच्याच दिशेनं ढकला आणि मूठ आपल्या खांद्याकडे झटकन आणा. हात सुटतो. बांगड्या फुटल्या तर फुटू द्या.

सुटत नसेल तर तीन कारणं असतात. तुम्ही हळू केलं, त्यामुळे त्यानं पकड बदलली. किंवा मनगट न फिरवता नुसतं ओढलं. किंवा त्याची पकड फारच जबर आहे, अशा वेळी दुसऱ्या हातानं आपलीच मूठ धरायची आणि दोन्ही हातांनी ती त्याच फटीतून वर उचलायची. तेवढ्यात पायाच्या टाचेनं त्याच्या पावलावर जोरात मारलं तर पकड क्षणभर ढिली पडते.

वेणी धरली तर डोकं झटकू नका, त्यानं मान दुखावते. दोन्ही हातांनी वेणी डोक्याजवळ धरा म्हणजे ओढ केसांच्या मुळांना बसत नाही, मग त्याच्याकडे वळा. समोर आला की तळव्याचा मनगटाकडचा भाग खालून वर त्याच्या नाकावर मारा. अंगठे डोळ्यांत. गुडघ्यावर किंवा नडगीवर लाथ. मांड्यांच्या मध्ये लाथ मारायची सगळ्यांना शिकवतात, पण पुरुष ती अपेक्षा ठेवूनच असतो आणि पाय उंच गेला की आपलाच तोल जातो. जवळ असाल तर गुडघा वापरा.

आणि मारलं की थांबायचं नाही, पळायचं. उजेडाकडे, माणसांकडे, चालू दुकानाकडे. आपल्याला दोन-तीन सेकंद मिळवायचे असतात, त्याला धडा शिकवायचा नसतो. कायदाही तसाच आहे. भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये खासगी बचावाचा हक्क दिला आहे. बलात्काराच्या, अपहरणाच्या किंवा ॲसिड टाकण्याच्या इराद्यानं हल्ला झाला तर कलम ३८ नुसार बचाव करताना हल्लेखोराचा जीव गेला तरी तो हक्कात बसतो. मात्र तो पळून गेल्यावर त्याला गाठून मारणं या हक्कात बसत नाही.

११२ ला फोन लावून ‘पाराजवळ या’ म्हणणं

संकटात ११२ लावा, हे आता सगळ्यांना माहीत आहे. पण हा फोन आपल्या गावच्या ठाण्यात वाजत नाही. तो नवी मुंबई किंवा नागपूरच्या केंद्रात उचलला जातो आणि तिथून आपल्या भागातल्या पोलीस गाडीला निरोप जातो. तिथल्या माणसाला आपला पार, आपली डीपी, आपला मळा ठाऊक नसतो. शिवाय वडगाव, पिंपरी, सावखेडा या नावाची गावं आपल्याकडे तालुक्यागणिक आहेत. म्हणून क्रम पक्का करा: जिल्हा, तालुका, गाव, मग खूण. महामार्गावर असाल तर किलोमीटरचा दगड वाचा.

फोनवर बोलणं शक्य नसेल तर फोनमधली आपत्कालीन सोय आधीच चालू करून ठेवलेली हवी. बऱ्याच फोनवर पॉवरचं बटण लागोपाठ दाबलं की ती चालते, किती वेळा ते फोनप्रमाणे बदलतं. आज सेटिंगमध्ये जाऊन बघा. साध्या बटणांच्या फोनवर ५ किंवा ९ चं बटण दाबून धरायचं असतं. व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन आठ तासांपर्यंत पाठवता येतं. रात्रीच्या प्रवासाला ते निघतानाच सुरू करा.

धडगाव, अक्कलकुव्याच्या डोंगरात रेंजच नसते. आपल्या कंपनीचा टॉवर नसला तरी दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून आपत्कालीन फोन लागू शकतो, म्हणून प्रयत्न सोडू नका. पण मुळात टॉवरच नसेल तर माणसांवरच भिस्त. सरपण, पाणी, कापूस वेचणी, जे काही असेल त्याला दोघी-तिघींनी जायचं आणि परतायची वेळ मागे राहिलेल्यांना सांगून जायचं.

काळीपिवळीत किंवा रिक्षात बसताना नंबर मोठ्यानं फोनवर वाचा: ‘हो आई, एमएच १९ ची गाडी आहे, नंबर सांगते.’ पलीकडे कोणी नसलं तरी चालेल. भुसावळ-सुरत मार्गावर रात्री महिला डबा रिकामा दिसला तर त्यात एकट्या बसू नका, कुटुंबं बसलेल्या डब्यात जा. रेल्वेत १३९ लावा.

‘अनोळखी माणूसच वाईट’ हा समज

देशात नोंद होणाऱ्या बलात्काराच्या गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक आरोपी बाईच्या ओळखीचे असतात. नातलग, शेजारी, मालक, शिकवणीचे सर, मानलेला भाऊ. तिथे पेपर स्प्रे काय करणार? तिथे आपल्या पोटातली ती खटकलेली जाणीव कामाला येते. कोणी मुद्दाम एकटीला थांबवतो, ‘घरी सांगू नको’ म्हणतो, तेव्हा सगळ्यात आधी सांगायचं ते घरीच. कामाच्या ठिकाणी दहा किंवा जास्त लोक असतील तर तक्रार समिती असणं कायद्यानं बंधनकारक आहे. लोक दहापेक्षा कमी असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करता येते.

फोटो व्हायरल करण्याची धमकी आली तर पैसे देऊ नका आणि घाबरून चॅट पुसू नका. स्क्रीनशॉट, नंबर, प्रोफाइलची लिंक जपून ठेवा. तोच पुरावा आहे. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन.

मुलीनं सांगितलं आणि घरच्यांनी तिचंच कॉलेज बंद केलं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, आणि ती मुली करत नाहीत. ती आईबाप करतात. पोरगी घरी येऊन सांगते की स्टँडवर एक जण मागे लागतो. त्याच आठवड्यात तिचा पास बंद, फोन काढून घेतला, आणि आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत स्थळं बघायला सुरुवात. तो मुलगा स्टँडवर तसाच उभा असतो. धाकटी बहीण हे सगळं बघते आणि तिच्यावर वेळ आली की ती तोंड उघडत नाही.

अप्पा, काका, दादा, तिनं सांगितल्यावर पहिलं वाक्य एवढंच म्हणा: ‘बरं केलंस सांगितलंस.’ मग तिच्याबरोबर स्टँडवर जा, आणि तिच्याबरोबर ठाण्यात जा. पाठलाग हा न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे, पहिल्यांदा दोष सिद्ध झाला तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा होते. अश्लील शेरे, हावभाव हे कलम ७९ मध्ये येतात.

ठाण्यातून परत फिरणं

‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ हे ऐकून बाया मागे फिरतात. घटना रावेरची असो की शिरपूरची, कोणत्याही ठाण्यात शून्य क्रमांकानं गुन्हा नोंदवता येतो, नंतर तो योग्य ठाण्याकडे पाठवला जातो. छेडछाड, पाठलाग, लैंगिक हल्ला अशा गुन्ह्यांत बाईचा जबाब महिला अधिकाऱ्यानं घ्यायचा असतो. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. नोंद करायलाच नकार दिला तर तक्रार लेखी लिहून पोस्टानं पोलीस अधीक्षकांना पाठवा, पावती जपा. तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.

लैंगिक हल्ला झाला असेल तर अंघोळ करावीशी वाटते, कपडे धुवावेसे वाटतात. मन घट्ट करून थोडं थांबा. ते कपडे कागदी पिशवीत ठेवा, प्लास्टिकमध्ये ओल धरून पुरावा खराब होतो. दवाखाना सरकारी असो की खासगी, उपचार लगेच आणि मोफत करणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. आधी पोलिसांचा कागद आणा असं त्यांना म्हणता येत नाही. एकटीनं जाणं जड वाटत असेल तर १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करा. प्रत्येक जिल्ह्यासाठी सखी केंद्राची सोय आहे, तिथे समुपदेशन, वकील आणि काही दिवस राहायची व्यवस्था एकाच छताखाली मिळते.